एडक्याची पारख

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत आठवड्याचा बाजार भरतो, त्या दिवशी पहाटेपासूनच रस्त्यावर धूळ उडू लागते. दौलताबाद, पडेगाव, मिटमिटा या बाजूंनी माणसे येतात. कोणी बैल घेऊन येतो, कोणी शेळ्या, तर कोणी मेंढरे. एखादा वृद्ध धनगर पैदाशीसाठी एडका घ्यावयास आलेला असतो. तो घाई करीत नाही. प्रथम तो एडक्याचे तोंड उघडून दात पाहतो, कारण दातांवरून वय कळते. मग पाठीवर पंजा दाबून हाड किती लागते व मांस किती लागते याचा अंदाज घेतो. नंतर त्याला चार पावले चालवून पाहतो; खूर फाटलेला नाही ना, पाय ओढत नाही ना, हे बघतो. डोळा, कान, लोकर, छातीची रुंदी, यांतले काही त्याच्या नजरेतून सुटत नाही. ही विद्या त्याने पुस्तकातून घेतलेली नाही. ती त्याच्या आजाने बापाला व बापाने त्याला दिलेली आहे, आणि ती खरी विद्या आहे.

तरीही एक गोष्ट त्या अनुभवी डोळ्यालाही दिसत नाही. या एडक्याच्या पोटी येणाऱ्या मेंढ्या एका वेताला एकच कोकरू देतील की दोन? एडका स्वतः काही वीत नाही. मग त्याच्याकडे पाहून हे सांगावयाचे कसे?

हा प्रश्न वरवर साधा दिसतो. पण त्यावर अनेक कुटुंबांची भाकरी अवलंबून आहे. त्याच बाजारात जरा पलीकडे उस्मानाबादी शेळी बांधलेली असते. काळीभोर, उंच, लांब कानांची ही शेळी मराठवाड्याची शान आहे. तिच्या पायांत बहुधा दोन करडे घोटाळत असतात. शेजारी दख्खनी मेंढी उभी असते. तिच्याजवळ मात्र एकच कोकरू. दोघी एकाच माळावर चरणाऱ्या, एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या. परंतु शेळीला जुळी होणे ही नित्याची गोष्ट आणि मेंढीला जुळी होणे हे नवल.

दख्खनी मेंढीचा यात दोष आहे असे मात्र समजू नये. दख्खनचे पठार हा अवर्षणाचा मुलूख आहे. उन्हाळ्यात माळावर गवताची काडी राहत नाही आणि पाण्यासाठी मैलोगणती चालावे लागते. अशा ठिकाणी मेंढीला जे थोडे दूध येते ते एका कोकराला पुरते. दोन झाली तर दोन्ही खंगतात. शेकडो वर्षे या मुलुखात जी मेंढी तगली ती एका कोकराची मेंढी होती. तिच्या काळ्या, जाड लोकरीची घोंगडी पांघरून शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या पावसाळ्यात शेतावर उभ्या राहिल्या.

परंतु काळ पालटला. पूर्वी धनगर चरत चरत गावोगाव जात. शेतकरी त्यांना बोलावून आपल्या रानात मेंढरे बसवून घेत, कारण लेंडीखतासारखे खत नाही. आता पडीक रान नांगराखाली आले, कित्येक कुरणे बंद झाली, माळांवर घरे व कारखाने उभे राहिले. कळप वाढवावा म्हटले तर चारा नाही. घोंगडीला पूर्वीचे गिऱ्हाईकही उरले नाही, त्यामुळे धनगराची कमाई मुख्यतः कोकरांच्या विक्रीवर येऊन ठेपली. समजा, एका घरी पन्नास मेंढ्या आहेत. प्रत्येकीने एक कोकरू दिले तर पन्नास कोकरे. त्यांतली काही रोगाने जातात, काही लांडगा नेतो. त्याच पन्नास मेंढ्यांपैकी निम्म्यांना जरी जुळी झाली, तरी कोकरे पंचाहत्तर होतात. मेंढ्या तितक्याच, राखण करणारी माणसेही तितकीच. पण घरात येणारा पैसा निराळा.

हा विचार सातारा जिल्ह्यातील फलटण येथे गंभीरपणे केला गेला. तेथे बनबिहारी निंबकर यांनी 1968 साली निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. फलटण आणि लोणंदचा भाग हा मेंढपाळांचाच मुलूख. जुळी देणारी मेंढी आपल्या देशात कोठे आहे का, याचा शोध घेता घेता या संस्थेचे लक्ष गेले ते थेट बंगालच्या सुंदरबनाकडे.

सुंदरबन म्हणजे समुद्राच्या तोंडाशी पसरलेले दलदलीचे अरण्य. तेथे गरोल नावाची मेंढी आढळते. ती इतकी लहान असते की मोठी झालेली मेंढीही दहा ते चौदा किलोंच्या आसपासच भरते. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती गवत खाते. दख्खनच्या धनगराने ती पाहिली तर तो हसेल आणि म्हणेल, ‘हे कोकरू कोणाचे?’ पण या चिमुकल्या मेंढीचा एक गुण मोठा आहे. तिला जुळी होतात, तिळीही होतात, आणि हा गुण आईकडून व बापाकडून पुढच्या पिढीत उतरतो.

या गरोल मेंढीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे ऑस्ट्रेलियात इंग्रजांची वसाहत नुकतीच सुरू झाली होती तेव्हा, कलकत्त्याहून निघालेल्या गलबतांतून बंगालच्या मेंढ्या सिडनीला गेल्या. पुढे तेथे उत्तम लोकरीच्या मेरिनो मेंढ्या आल्या आणि बंगाली मेंढ्यांचा लोकांना विसर पडला. दीडशेहून अधिक वर्षे लोटली. न्यू साउथ वेल्स प्रांतात बुरुला नावाच्या एका मेंढीफार्मवर काही मेरिनो मेंढ्यांना एका वेताला तीन-तीन, चार-चार कोकरे होत असल्याचे त्या फार्मच्या मालकांना आढळले. त्यांनी अशाच मेंढ्या निवडून वेगळ्या राखल्या. 1958 च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेने हा कळप अभ्यासास घेतला. हेलन न्यूटन टर्नर या विदुषीने त्या कामी पुढाकार घेतला होता. मेंढ्यांची गणिते मांडण्यात त्यांचे आयुष्य गेले.

पुष्कळ वर्षांच्या नोंदी तपासल्यावर 1980 च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की, हा गुण अनेक बारीकसारीक कारणांच्या मिश्रणातून आलेला नसून एकाच मोठ्या जनुकामुळे आला असावा. आणि 2001 साली न्यूझीलंड, फ्रान्स व ब्रिटन येथील शास्त्रज्ञांनी ते जनुक नेमके हुडकून काढले. नंतर निरनिराळ्या देशांतील मेंढ्यांचे रक्त तपासले, तेव्हा बुरुला मेंढीत जो बदल होता तोच बंगालच्या गरोल मेंढीत सापडला. दोन शतकांपूर्वी गलबतातून गेलेल्या मेंढ्यांच्या वंशजांची आणि सुंदरबनातल्या त्यांच्या भाऊबंदांची ओळख अशी पटली.

जनुक म्हणजे काय, हे येथे थोडे पाहिले पाहिजे. प्राण्याच्या शरीरातील प्रत्येक पेशीत एक लांबच लांब लेख साठविलेला असतो. तो केवळ चार अक्षरांत लिहिलेला आहे. त्या अक्षरांना शास्त्रज्ञ ए, टी, जी आणि सी म्हणतात. मेंढीच्या या लेखात अडीच अब्जांहून अधिक अक्षरे आहेत आणि तो सत्तावीस जोड्यांच्या गुणसूत्रांवर वाटलेला आहे. लेखातील ज्या एकेका परिच्छेदात शरीराला लागणाऱ्या एखाद्या पदार्थाची कृती सांगितलेली असते, त्याला जनुक म्हणतात. सबंध लेखाला जीनोम असे नाव आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, दुसरी बापाकडून.

गरोल मेंढीत घडलेला बदल किती मोठा असेल? अडीच अब्ज अक्षरांत एका ठिकाणी ‘ए’ च्या जागी ‘जी’ आले आहे, इतकाच! पुस्तक छापताना एखादा खिळा चुकावा तसा हा प्रकार. पण त्या एका अक्षरामुळे मेंढीच्या अंडाशयाला मिळणारा इशारा बदलतो. एरवी एका वेळी एकच बीजांड पक्व व्हावयाचे, तेथे दोन किंवा अधिक पक्व होतात. साहजिकच जुळी जन्मतात.

आता पुन्हा एडक्याकडे वळू. हे जनुक एडक्यातही असते. तो ते आपल्या मुलींना देतो, पण स्वतः त्याची काहीच खूण दाखवीत नाही. पूर्वीच्या रीतीने त्याची परीक्षा करावयाची तर काय करावे लागे? एडका वर्षाचा होऊ द्यावा, मग तो मेंढ्यांना द्यावा. पाच महिने गाभणपणाचे. जन्मलेल्या मुली वर्ष-दीड वर्ष वाढवाव्या, त्या गाभण राहाव्या, पुन्हा पाच महिने थांबावे आणि मग त्यांना किती कोकरे होतात ते मोजावे. यात तीन-साडेतीन वर्षे जातात. बरे, एका मुलीला एकच कोकरू झाले म्हणून जनुक नाही असेही म्हणता येत नाही. जनुक असलेल्या मेंढीलाही कधी कधी एकच होते. म्हणून अशा कितीतरी मुली पाहाव्या लागतात. निकाल हाती येईपर्यंत एडका म्हातारपणाकडे झुकलेला असतो, आणि निकाल ‘नाही’ असा आला तर सारी वर्षे फुकट.

2001 नंतर हे चित्र पालटले. नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या रक्ताचे थोडे थेंब घेतले म्हणजे पुरे. त्या रक्तातून लेखाचा नेमका तेवढाच भाग वेगळा काढून त्याच्या असंख्य प्रती करतात. हा तुकडा सुमारे 190 अक्षरांचा असतो. मग त्यात एक पाचकद्रव्य घालतात. हे द्रव्य कात्रीचे काम करते. पण ही कात्री मोठी चोखंदळ आहे. बदललेले अक्षर असेल तरच ती तुकडा कापते, नाहीतर त्याला स्पर्शही करीत नाही. नंतर ते तुकडे एका पारदर्शक लगद्यातून विजेच्या साहाय्याने सरकवितात. आखूड तुकडे पुढे पळतात, लांब तुकडे मागे राहतात. सगळे तुकडे मागे राहिले तर कोकरात ते जनुक नाही. सगळे पुढे गेले तर दोन्ही प्रतींत आहे. काही पुढे व काही मागे, अशा दोन पट्ट्या उमटल्या, तर एका प्रतीत आहे. ज्याला तीन वर्षांत खात्रीने सांगता येत नसे, ते आता कोकराने गवताला तोंड लावण्यापूर्वीच कळू लागले. फलटणच्या या कार्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांचे आणि ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांचे साहाय्य लाभले. संस्थेच्या पशुसंवर्धन विभागाची धुरा डॉ. चंदा निंबकर यांनी वाहिली. त्यांनी पशुपैदाशीचे उच्च शिक्षण ऑस्ट्रेलियात घेतले होते.

तथापि केवळ गरोल एडका आणून दख्खनी कळपात सोडला की काम झाले, असे नव्हते. पहिल्या पिढीची कोकरे अर्धी गरोल असतात. जुळी देण्याचा गुण त्यांत येतो, पण गरोलचा ठेंगणेपणाही येतो. अशा कोकराला बाजारात भाव कोण देणार? यावर उपाय असा की, पहिल्या पिढीतील जनुकवाला एडका पुन्हा दख्खनी मेंढीला द्यावयाचा. त्या कोकरांत गरोलचा वाटा चौथाई राहतो. त्यांतून पुन्हा जनुकवाला निवडून दख्खनीशी संकर केला की वाटा अष्टमांशावर येतो, आणि त्यापुढे सोळाव्या हिश्शावर. प्रत्येक वेळी कोकरांपैकी साधारण निम्म्यांतच ते जनुक उतरते. कारण बापाच्या दोन प्रतींपैकी कोणती मिळेल हे नाणे उडविण्यासारखे आहे. ग्रेगर मेंडेल या धर्मोपदेशकाने वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करून 1866 साली जो नियम प्रसिद्ध केला तोच हा. कोणते निम्मे ते डोळ्यांना दिसत नाही. रक्ताची परीक्षा ते सांगते. अशा रीतीने अंगाने दख्खनी आणि गुणाने जुळी देणारी मेंढी तयार करण्यात आली. तिला ‘नारी सुवर्णा’ असे नाव मिळाले. ‘नारी’ ही त्या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत, हे ठाऊक नसलेल्याला ते नाव निराळेच वाटेल.

संस्थेच्या आवारात मेंढी जुळी देते म्हणून धनगराच्या वाड्यावरही ती तशीच देईल आणि दोन्ही जगतील, हे कशावरून? खरा कस तेथेच लागणार होता. म्हणून जनुकवाले एडके आसपासच्या मेंढपाळांच्या कळपांत देण्यात आले आणि त्यांच्या मुलींच्या वेतांची नोंद ठेवण्यात आली. जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढ्यांना सरासरीने दर दोन वेतांत जवळजवळ एक कोकरू जास्त होते, असे दिसून आले.

पण काही मेंढपाळ साशंक होते, आणि त्यांची शंका रास्त होती. भटकंतीच्या दिवसांत रोज तळ हलतो. नुकते जन्मलेले कोकरू दिवसभर कळपाबरोबर चालू शकत नाही. त्याला घोड्यावर घालून न्यावे लागते. एकाऐवजी दोन झाली तर घोड्यावरचे ओझे दुप्पट. मेंढीला दोघांपुरते दूध नसले तर एक कोकरू मागे पडते. कळपात दोन-चार शेळ्या ठेवून त्यांचे दूध अशा कोकराला पाजण्याची धनगरांची जुनी रीत आहे. ती येथे उपयोगी पडते. पण ते काम बहुतेक घरच्या बाईवर येते. गाभण मेंढीला अखेरच्या महिन्यात मूठभर धान्य किंवा पेंड मिळाली, वेळेवर लस टोचली गेली, तर जुळी चांगली वाढतात. म्हणजे ज्याच्याजवळ थोडा चारा व पैसा आहे त्याला हे जनुक वरदान, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला जादा खटाटोप. शास्त्रज्ञांनाही हे मान्य करावे लागले. दोन्ही प्रती असलेल्या मेंढीला तिळी होण्याची शक्यता वाढते आणि तिळ्यांतले एखादे बहुधा दगावते. तेव्हा धनगराच्या कळपातील मेंढीत एकच प्रत असणे अधिक सोयीचे. अधिक म्हणजे नेहमीच उत्तम नव्हे, हे येथे मेंढीनेच शिकविले! 2008 च्या नोव्हेंबरात पुण्यास हेलन न्यूटन टर्नर यांच्या स्मरणार्थ एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनी या एका जनुकाचाच ऊहापोह केला.

गाईम्हशींची गोष्ट याहून अवघड आहे. दूध देण्याचा गुण एका जनुकावर अवलंबून नाही. त्यात हजारो ठिकाणच्या अक्षरांचा थोडा थोडा वाटा असतो. आणि वळूची अडचण एडक्यासारखीच, कारण तोही स्वतः दूध देत नाही. त्याच्या मुलींचे दूध मोजून त्याची योग्यता ठरवावयाची तर पाच-सहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. ज्या 2001 साली मेंढीचे जनुक सापडले, त्याच वर्षी म्यूविसेन, हेज व गोडार्ड या तीन शास्त्रज्ञांनी एक नवीन मार्ग सुचविला. एकेक जनुक शोधीत बसण्याऐवजी सबंध जीनोमवर पसरलेली हजारो अक्षरे एकदम वाचावी, ज्यांच्या दुधाची नोंद आहे अशा पुष्कळ गाईंशी ती ताडून पाहावी आणि त्यावरून वासराच्या भावी गुणाचा अंदाज बांधावा. हजारो अक्षरे एकाच वेळी वाचणाऱ्या लहानशा पट्टीला चिप म्हणतात. अमेरिकेत 2009 पासून वळूंची निवड या रीतीने होऊ लागली.

या रीतीने एक जुने रहस्यही उघडकीस आणले. अमेरिकेत 1962 साली जन्मलेला चीफ नावाचा एक होल्स्टीन वळू फार प्रसिद्ध होता. त्याच्या मुली भरपूर दूध देत, म्हणून त्याचे वीर्य देशोदेशी गेले. परंतु त्याच्या एका जनुकात घातक बिघाड होता. ज्या गर्भाला तो दोन्ही बाजूंनी मिळे, तो जन्मापूर्वीच मरे. जीनोमचा अभ्यास होईपर्यंत हे कोणाच्याही लक्षात आले नाही. जगभरात अशा रीतीने सुमारे पाच लाख गर्भ गेले असावेत, असा अंदाज 2016 साली मांडण्यात आला. एकाच उत्तम नराच्या मागे सर्वांनी धावण्यातला धोका यावरून कळतो.

परदेशी गाईंसाठी केलेली चिप आपल्या देशी गाईंना तितकीशी लागू पडत नाही. त्यांचा वंश निराळा, त्यांच्या लेखातील फरकही निराळे. म्हणून भारतीय गाईम्हशींसाठी स्वतंत्र चिपा तयार करण्यात आल्या. 2024 सालच्या ऑक्टोबरात आपल्या महाराष्ट्रातच, वाशीम येथे, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ‘गौ चिप’ आणि ‘महिष चिप’ यांचे लोकार्पण झाले.

मात्र चिप केवळ अक्षरे वाचते. कोणते अक्षर दुधाचे आणि कोणते नाही, हे तिला दुधाच्या नोंदीवाचून कळत नाही. ज्या गाईंचे दूध वर्षानुवर्षे मोजून लिहिलेले आहे, त्यांच्याच बाबतीत तिचा अंदाज बरोबर येतो. मराठवाड्यातील देवणी आणि लाल कंधारी या गाई काटक आहेत, कामाचे बैल देणाऱ्या आहेत. पण घरोघरच्या गोठ्यांत त्यांच्या दुधाचे माप बहुधा आठवणीतच राहते, वहीत उतरत नाही. आता देशभर जनावरांच्या कानात बारा आकडी क्रमांकाचे बिल्ले मारले जात आहेत. त्या क्रमांकापुढे आईबापांची नावे, वेताची तारीख, सकाळचे दूध व संध्याकाळचे दूध हे सारे लिहावे लागते. फलटणलाही आधी कोकरू जन्मले की त्याला तागडीत घालून वजन करीत, कानात क्रमांक अडकवीत, आई कोणती ते वहीत टिपीत, आणि मगच रक्ताचा थेंब घेत.